हाऊस मास्टर झालोय, डिसेंबरात आंतर-हाऊस अ‍ॅथलेटिक्स आहे आणि आमचं हाऊस चार वर्षं शेवटचं. कुठून सुरुवात करू?

पिवळा_झेंडा

नमस्कार मंडळी. मी एका निवासी शाळेत मराठी शिकवतो, शाळेचं नाव मुद्दाम देत नाहीये. जूनपासून माझ्याकडे यलो हाऊस दिलंय, म्हणजे सहावी ते बारावीची ७२ मुलं, त्यांचं उठणं-झोपणं, मेस, रात्रीची अभ्यासिका, ताप-खोकला, रविवारचे घरचे फोन, सगळं. हे सगळं आता जमायला लागलंय. पण डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात अ‍ॅथलेटिक मीट आहे, हातात सात आठवडे आहेत आणि मला खेळातलं काहीही कळत नाही.

चार हाऊस आहेत. पहिल्याला ५, दुसऱ्याला ३, तिसऱ्याला १ गुण, रिलेला १०-६-२. आमचं हाऊस सलग चार वर्षं चौथं आलंय. मुलांनी ते आता मनाला लावून घेतलंय, म्हणजे नाव द्या म्हटलं की मोठी मुलं म्हणतात "सर आपलं काय होणारे" आणि त्यांचं बघून सहावी-सातवीची पण हात खाली घेतात. जुनी वही काढून बघितली तर गेल्या वर्षी तीन इव्हेंटना आमच्याकडून एकही नाव गेलं नव्हतं. आणि जे हाऊस जिंकलं त्यांचे जवळपास निम्मे गुण बारावीच्या तीनच मुलांनी आणले होते, बाकीची साठ-सत्तर मुलं उन्हात बसून टाळ्या वाजवत होती. हे बरोबर आहे का असं मला सारखं वाटतं.

अजून एक गोष्ट आहे, ती डोक्यातून जात नाही म्हणून लिहितो. गेल्या वर्षी मी हाऊस मास्टर नव्हतो, नुसता शिस्तीच्या ड्युटीवर होतो. २०० मीटरची फायनल होती, सहा लेन, आमचा ट्रॅकच २०० मीटरचा आहे त्यामुळे एक पूर्ण फेरी. सगळ्या सहा मुलांना एकाच आडव्या रेघेवर उभं केलं आणि आपापली लेन सोडायची नाही असं बजावलं. आमच्या हाऊसचा नववीतला एक मुलगा चिठ्ठीत सगळ्यात बाहेरच्या लेनला आला. तो चौथा आला. नंतर तो पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसला होता, मी शोधत गेलो तर रडत होता आणि एकच वाक्य म्हणत होता, "सर मी जास्त लांब पळलोय". मी पाठीवर हात ठेवून म्हटलं की असं हरल्यावर वाटतं रे, पुढच्या वर्षी बघू. आता ते आठवलं की मलाच कसंतरी होतं, कारण तो बरोबर होता की नाही हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि आजही नाहीये. आम्ही तिसऱ्या हाऊसपेक्षा फक्त चार गुणांनी मागे राहिलो होतो.

तर सांगा, सात आठवड्यांत काय करता येईल, गुणांच्या पद्धतीबद्दल प्राचार्यांकडे काही मांडता येईल का, आणि त्या मुलाचं म्हणणं खरं होतं का.

---

फक्कीवाले_सर

सर, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो कारण तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. तो मुलगा शंभर टक्के खरं बोलत होता. मी ३१ वर्षं पीटी शिक्षक होतो, त्यातली बरीचशी निवासी शाळांत गेली, आणि ही चूक मी इतक्या मैदानांवर बघितलीय की वाचून वाईट वाटलं पण आश्चर्य नाही वाटलं.

हिशोब सोपा आहे, तुम्ही मराठीचे असलात तरी एका मिनिटात कळेल. ट्रॅकच्या दोन सरळ बाजू सगळ्या लेनना सारख्याच असतात. फरक पडतो तो दोन्ही वळणांवर, आणि दोन अर्धवर्तुळं मिळून एक पूर्ण वर्तुळ होतं. प्रत्येक बाहेरची लेन एका लेनच्या रुंदीने मोठ्या वर्तुळावर पळते, म्हणून एका फेरीत जादा अंतर किती, तर २ गुणिले पाय गुणिले लेनची रुंदी. नियमाची लेन १.२२ मीटर असते, म्हणजे दर लेनला ७ मीटर ६७ सेंटिमीटर. शाळेत बऱ्याचदा एक मीटरची लेन आखतात, तिथे दर लेनला ६ मीटर २८. सहावी लेन पहिलीपासून पाच लेन बाहेर, त्यामुळे १.२२ ची लेन असेल तर ३८ मीटर ३० च्या आसपास आणि एक मीटरची असेल तर ३१ मीटर ४०. इतकं तो मुलगा जास्त पळाला. शाळेतला चांगला पळणारा मुलगा २०० मीटरला २८-२९ सेकंद घेतो असं धरा, त्याला ३१ मीटर जायला साडेचार सेकंद लागतात. बघा म्हणजे केवढा अन्याय झाला.

आणि यात वळण किती मोठं आहे याने काहीच फरक पडत नाही, ट्रॅक २०० चा असो की ४०० चा, एका फेरीला फरक तोच. बऱ्याच शिक्षकांना हे पटत नाही, लहान ट्रॅकवर फरक पण लहान असणार असं वाटतं. नाही. दोरी घेऊन मोजून दाखवलं की मग पटतं.

यासाठीच स्टॅगर देतात, म्हणजे बाहेरच्या लेनचा मुलगा तेवढा पुढे उभा राहतो. टीव्हीवर २०० आणि ४०० ला धावपटू तिरके तिरके उभे दिसतात ते त्यासाठीच. दुसऱ्या लेनची रेघ ७.६७ पुढे, तिसरीची १५.३३, चौथीची २३, असं करत जायचं, आणि टेप लेनच्या आतल्या रेघेपासून २० सेंटिमीटर बाहेर धरून वळणावरून गोल न्यायची, सरळ ताणायची नाही. सरळ ताणली की परत चुकलं.

ट्रॅक मुळातच नीट आखायचा असेल तर हे माप लिहून ठेवा. सरळ बाजू ४० मीटर, वळणाची त्रिज्या १८ मीटर ९०, पहिली लेन आतल्या रेघेपासून २० सेंटिमीटरवर मोजली की बरोबर २०० मीटर भरतात. १.२२ च्या सहा लेन धरून साधारण साडेब्याण्णव मीटर लांब आणि साडेबावन्न मीटर रुंद जागा लागते. दोन्ही वळणांच्या केंद्रात लोखंडी खुंटी पक्की ठोका आणि तिला दोरी नको, तार बांधा, दोरी ताणली जाते आणि माप बिघडतं. १०० मीटर या ट्रॅकवर घेऊ नका, त्याला मैदानाच्या कडेने किंवा तिरका सरळ पट्टा काढा आणि फिनिशच्या पुढे थांबायला निदान १७ मीटर मोकळी जागा ठेवा, मी एका मुलाला कुंपणाच्या तारेत शिरताना बघितलंय.

गुणांबद्दल आणि तयारीबद्दल बाकीचे लिहितीलच, मी नंतर परत येतो. पण सर, त्या मुलाला आधी जाऊन सांगा.

---

अरावली_निळा

मी नवोदयचा, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेचा. सहावीत गेलो तेव्हा रात्री पांघरुणात रडायचो आणि बारावीत निघताना गेटवर रडलो, मधली सात वर्षं म्हणजे हाऊस. बाहेरच्या लोकांना माहीत नसतं म्हणून सांगतो, देशातल्या सगळ्या नवोदयमध्ये हाऊसची नावं तीच, अरावली, नीलगिरी, शिवालिक, उदयगिरी. ट्रेनमध्ये कोणी नवोदयचा भेटला की गाव विचारायच्या आधी हाऊस विचारतो. पहिली दोन नवोदय १९८५-८६ ला सुरू झाली, एक हरियाणात झज्जरला आणि दुसरं आपल्या अमरावतीला, हे मी प्रत्येकाला सांगतो.

सर तुमचा पहिला प्रॉब्लेम ट्रेनिंगचा नाहीये, नावं न देण्याचा आहे. आमचं हाऊस पण दोन वर्षं शेवटी होतं. मग एक हाऊस मास्टर आले, इंग्रजीचे, त्यांना पण खेळातलं काही यायचं नाही. त्यांनी एकच केलं, डॉर्मिटरीच्या दारावर ड्रॉइंग शीट लावला आणि त्यावर सगळे इव्हेंट लिहून प्रत्येकापुढे जागा रिकामी ठेवली. म्हणाले एकही जागा रिकामी राहता कामा नये, कोण जिंकेल ते मी विचारणार नाही. तेव्हा लक्षात आलं की थाळीफेक, तिहेरी उडी आणि ३००० मीटर चालणं या तीन इव्हेंटला अख्ख्या शाळेतून पाच-सहाच मुलं उतरतात. म्हणजे तुम्ही नुसतं नियमात राहून पूर्ण केलंत तरी तिसऱ्याचा एक गुण मिळू शकतो. आम्ही त्या वर्षी चालण्याच्या शर्यतीत पहिला आणि तिसरा आणला. चालण्याचा नियम एवढाच, एक पाय कायम जमिनीला टेकलेला दिसला पाहिजे आणि पुढचा पाय टेकताना गुडघा सरळ पाहिजे, पळायला लागलात तर बाद. आठवीतला एक जाडसर मुलगा होता ज्याला कोणीच कशात घ्यायचं नाही, तो रोज मेस ते वर्गखोल्या असा चालून शिकला आणि तिसरा आला. त्या दिवशी रात्री मेसमध्ये त्याच्या ताटात सगळ्यांनी आपापला गुलाबजाम टाकला होता, मोजून अकरा झाले होते, मी मोजलेत.

दुसरं, रिले. पहिल्याला १० गुण म्हणजे दोन सुवर्णांएवढे. आणि रिलेत वेगापेक्षा बॅटन बदलणं जास्त कामाला येतं, हे आम्हाला नववीत एका मायग्रेशनच्या मुलाने शिकवलं. नवोदयमध्ये नववीला काही मुलं दुसऱ्या राज्यात जातात आणि तिकडची इकडे येतात, तो उत्तर प्रदेशातून आलेला. मराठी यायची नाही पण रिले यायची. आमचं बॅटन हरवलं होतं म्हणून मेसच्या मावशींकडून लाटणं मागून आणलं आणि रोज रात्री जेवणानंतर कॉरिडॉरमध्ये चौघं एका रांगेत उभे राहून जागच्या जागी हात हलवत लाटणं मागून पुढे द्यायचो. पहिला उजव्या हाताने देणार, दुसरा डाव्यात घेणार, तिसरा उजव्यात, चौथा डाव्यात. हात बदलायचा नाही. देणारा "घे" ओरडणार, घेणारा मागे न बघता हात मागे सोडणार, अंगठा एकीकडे आणि बोटं दुसरीकडे, तळवा वर. पहिल्या आठवड्यात लाटणं इतक्या वेळा पडलं की खालच्या मजल्यावरून ओरडा यायचा. तिसऱ्या आठवड्यात अंधारात पण पडत नव्हतं. फायनलला आमच्या चौघांपैकी एकही जण १०० मीटरच्या फायनलला गेलेला नव्हता आणि आम्ही पहिले आलो. नीलगिरीचे चार सगळ्यात फास्ट मुलं होती, त्यांचं दुसऱ्या बदलाला बॅटन खाली पडलं.

नंतर क्लस्टर आणि रिजनल स्पर्धांना पण गेलो पण ती वेगळी गोष्ट. त्या लाटण्याने मावशींनी नंतर पोळ्या केल्या की नाही माहीत नाही, पण बक्षीस समारंभाला आम्ही त्यांना मैदानावर बोलावलं होतं आणि त्या आल्या होत्या.

---

पहाटेची_शिट्टी

मी सैनिकी शिस्तीच्या वातावरणात वाढलो, त्यामुळे थोडं वेगळं लिहितो, पटलं नाही तर सोडून द्या. प्रत्येकाला गुण वाटायला लागलात तर स्पर्धेची धार जाते असं माझं प्रामाणिक मत आहे. १०० मीटरला पहिला तो पहिला. मुलांना हरणं पण आलं पाहिजे आणि हरलेल्याने जिंकलेल्याचा हात पण धरला पाहिजे, ते हाऊसमध्येच शिकतात, कारण ज्याने हरवलं तो संध्याकाळी मेसमध्ये समोरच्याच बाकावर जेवत असतो.

पण तुमचं दुखणं खरं आहे, तीन मुलांनी निम्मे गुण आणले तर ते हाऊसचं यश नाही. त्यावर जुना आणि चांगला उपाय आहे, क्रॉस कंट्री, म्हणजे ट्रॅकबाहेर मोकळ्या वाटांवरची लांब शर्यत. त्यात हाऊसचे गुण जागांची बेरीज करून काढतात, पहिल्याला १, चाळिसाव्याला ४०, आणि ज्याची बेरीज सगळ्यात कमी ते हाऊस जिंकतं. मग होतं काय की पहिला कोण आला याच्याइतकंच साठावा कोण आला हे महत्त्वाचं होतं, शेवटच्या वळणावर दोन मुलं दमून चालायला लागली तर अख्खं हाऊस बाजूने पळत ओरडतं, कारण त्यांनी चार जणांना मागे टाकलं तर चार गुण वाचतात. खडकवासल्याला एनडीएत स्क्वाड्रनच्या (म्हणजे तिथल्या हाऊसच्या) क्रॉस कंट्रीला जे महत्त्व आहे ते त्यासाठीच आहे. एकट्या हिरोने तिथे काही होत नाही.

सहावी-सातवीला दोन किलोमीटर, आठवी-नववीला तीन, वरच्यांना पाच ठेवा, सकाळी सातच्या आत संपवा, वाटेत प्रत्येक वळणावर एक शिक्षक उभा करा. एका मुलाला जास्तीत जास्त तीन इव्हेंट आणि एक रिले असा नियम पण मागून घ्या. अधिकृत शालेय स्पर्धांत पण एका खेळाडूवर इव्हेंटची मर्यादा असते, तर शाळेत का नसावी. या एका नियमाने तुमचा "तीन मुलं निम्मे गुण" हा प्रश्न बराच सुटेल.

---

हरसूल_रोड

सरांनी फक्त मुलांबद्दल लिहिलंय, बहुतेक त्यांचं हाऊस मुलांचं असेल, पण हा धागा मुलींच्या होस्टेलवाल्या पण वाचतील म्हणून लिहिते.

मी नाशिकच्या आदिवासी भागातल्या शाळांत शिकवलंय. आमच्याकडे आश्रमशाळांच्या प्रकल्पस्तरीय स्पर्धा होतात, मग विभागीय, मग राज्य. त्यातल्या मुली पळतात ते बघायला पाहिजे, पायात काही नसतं आणि श्वास पण लागत नाही. कविता राऊत आमच्याच बाजूच्या, सावरपाड्याच्या, २०१० ला दिल्लीच्या कॉमनवेल्थमध्ये १०,००० मीटरला ब्रॉंझ आणलं तेव्हा आमच्या मुलींना पहिल्यांदा वाटलं की हे आपलं आहे. साताऱ्याच्या मोहीची ललिता बाबर २०१६ ला रिओत ३००० मीटर स्टीपलचेसच्या (अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीच्या) फायनलला पोचली आणि दहावी आली. ही शर्यत बायकांसाठी ऑलिम्पिकमध्ये आलीच मुळी २००८ ला.

हे का सांगते, तर एका निवासी शाळेत मी होते तिथे आंतर-हाऊस मीटला मुलींना १००, २००, लांब उडी आणि नंतर लिंबू-चमचा. मुलांना १५०० आणि ३०००. विचारलं तर म्हणे मुलींना झेपत नाही. हेच कारण देऊन १९२८ नंतर बायकांची ८०० मीटर शर्यत ऑलिम्पिकमधून काढून टाकली होती आणि ती थेट १९६० ला परत आली. बत्तीस वर्षं. आम्ही तीन शिक्षिकांनी मिळून भांडून १५०० घ्यायला लावली, पहिल्या वर्षी एकवीस मुली उतरल्या, एकवीसच्या एकवीस पूर्ण करून आल्या.

आणि दुसरं, पाळीचं. स्पर्धेच्या दिवशी कुठल्या मुलीला काय होतंय हे हाऊसच्या मॅडमना आदल्या रात्री कळलं पाहिजे आणि मुलीला ते पीटीच्या सरांना सांगायला लागता कामा नये. आम्ही वॉर्डन ताईंकडे एक वही ठेवली होती, जिला नाव बदलून घ्यायचंय तिने नुसती खूण करायची, कोणी कारण विचारायचं नाही. ज्या मुलीला पळायचंच आहे तिला पळू द्यायचं, ती पण तिचीच मर्जी. गडद रंगाची ट्रॅक पँट सगळ्यांना, पांढऱ्या चड्ड्यांचा हट्ट सोडायचा. एवढ्याने दोन वर्षांत नावं दुप्पट झाली.

@पहाटेची_शिट्टी दादा, क्रॉस कंट्रीचं एकदम पटलं. गुण वाटायचं तुम्ही म्हणता तसं नसतं पण. स्टँडर्ड म्हणून पद्धत आहे, बऱ्याच जुन्या बोर्डिंग शाळांत चालते. मीटच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत प्रत्येक मुलाला त्याच्या वयाप्रमाणे ठरवलेली वेळ किंवा अंतर गाठायचं असतं, गाठलं की हाऊसला एक गुण. फुकट नाही, कमवावा लागतो, फक्त दुसऱ्याला हरवून नाही तर घड्याळाला हरवून. फायनलचे ५-३-१ आहेत तसेच राहतात. कण्णूरच्या निवासी क्रीडा शाळेत १९७६ ला गेलेली पी. टी. उषा १९८४ ला लॉस एंजेलिसला सेकंदाच्या शंभराव्या भागाने ब्रॉंझ चुकली. त्यामुळे घड्याळाशी भांडणं पण काही कमी भांडण नाही.

---

डबा_पाठवणारी_आई

माझा मुलगा होस्टेलला आहे, सातवीत. मला फक्त एवढंच सांगायचंय की सर, पळायच्या आधी त्यांना काहीतरी खायला द्या हो. गेल्या वर्षी आमच्याकडे उद्घाटन लांबलं, पाहुणे उशिरा आले, मुलं सकाळी सहापासून मार्चपास्टच्या रांगेत उभी होती आणि साडेदहाला शर्यत, दोघं चक्कर येऊन पडली. केळं, शेंगदाण्याची चिक्की, पाण्यात मीठ-साखर, एवढं तरी मैदानाच्या कडेला ठेवा. आणि ज्या दिवशी मीट आहे त्या दिवशी रात्री मुलांना घरी दोन मिनिटं फोन करू द्या, रविवार नसला तरी. हरलेलं असो का जिंकलेलं, आईला सांगायचं असतं.

---

फक्कीवाले_सर

ताई, तुमचं बरोबर आहे आणि पाहुण्यांसाठी मुलांना उन्हात उभं करू नये हे मी आयुष्यभर सांगत आलो, दरवेळी ऐकलं गेलं असं नाही.

आता सात आठवड्यांचं. सर, तुम्ही कोच व्हायला जाऊ नका. रोज पहाटेची पीटी आहेच, त्यात बदल एवढाच करा. आठवड्यातून तीन दिवस पळणं, मधले दिवस उड्या-फेकी आणि खेळ. लहान मुलांना लांबचं अंतर हळू, गप्पा मारता येतील इतक्या वेगाने पळवा. स्प्रिंटवाल्यांना ६०-८० मीटरचे सहा-सात रपेटे, प्रत्येकामध्ये चालत परत यायचं, दम पूर्ण भरू द्यायचा. शेवटच्या आठवड्यात काम निम्मं करा. लोक शेवटच्या आठवड्यातच जास्त पळवतात आणि मग मुलं मांडी धरून बसतात. लांब उडीची वाळू रोज सकाळी फावड्याने खणून भुसभुशीत करा, बसून दगड झालेल्या खड्ड्यात मनगट मोडतं.

रिलेबद्दल लाटणंवाल्या मित्राने छान लिहिलंय. त्यात भर एवढीच, घेणाऱ्याने मागे १५ ते २० पावलांवर, म्हणजे टाचेला बोट लावून मोजलेली पावलं, जमिनीवर एक खूण करायची. देणारा त्या खुणेवर आला की घेणाऱ्याने मागे न बघता सुटायचं. मागचा गाठू शकत नसेल तर खूण जवळ आणा, अंगावर येऊन आदळत असेल तर लांब न्या. ४×१०० ला आता बदलाचा पट्टा ३० मीटरचा आहे, २०१७ च्या शेवटी नियम बदलला, आधी २० चा होता. तुमच्या मैदानावर जुन्या मापाने आखत असतील तर सांगा. आणि बॅटन पडलं तर ज्याच्या हातून पडलं त्यानेच उचलायचं, त्याने घाबरायचं नाही, उचलून पळायचं.

फिनिशला पण लक्ष द्या. रेघेवर छाती कोणाची आधी आली ते बघतात, डोकं, हात, पाय नाही. दोन पंच पुरत नाहीत, प्रत्येक जागेला एक नजर ठेवा आणि कोणाच्या तरी मोबाईलवर स्लो मोशन लावून तो रेघेच्या अगदी समोर स्टँडवर ठेवा, हातात नाही. टायमरला सांगा की क्लॅपर (आपटून आवाज करायच्या दोन फळ्या) किंवा बंदुकीचा आवाज ऐकून घड्याळ दाबू नका, धूर दिसला किंवा क्लॅपर मिटताना दिसला की दाबा. आवाजाला १०० मीटर यायला जवळजवळ ०.३ सेकंद लागतात, स्टँडर्डची पद्धत घेणार असाल तर तेवढ्यात एखाद्याला न कमावलेला गुण मिळतो.

---

पिवळा_झेंडा

सगळ्यांचे मनापासून आभार. बारा दिवस झाले, थोडं सांगतो काय काय झालं.

रविवारी सकाळी मी त्या मुलाला घेऊन मैदानावर गेलो, तो आता दहावीत आहे. काय करायचंय ते सांगितलं नव्हतं. स्टोअरमधून ३० मीटरची टेप घेतली, गेल्या वर्षीच्या लेनच्या पुसट रेघा अजून दिसतात, तिथे रुंदी मोजली, एक मीटर भरली. मग फक्कीवाल्या सरांनी सांगितलं तसं पहिल्या आणि सहाव्या लेनमधून आतल्या रेघेपासून २० सेंटिमीटर सोडून, तीन-तीन पावलांवर खडे ठेवत गोल मोजत गेलो. टेपचं एक टोक त्याच्याकडे आणि एक माझ्याकडे. पहिल्या लेनचा आकडा मी वहीत लिहिला, सहाव्या लेनचा त्याने लिहिला आणि वजाबाकी त्यानेच केली. ३१ मीटर २०. खड्यांमुळे थोडं कमी आलं असणार. तो बराच वेळ वहीकडे बघत होता, मग म्हणाला, "म्हणजे सर मी २३१ मीटर पळलो होतो." मी म्हटलं हो, आणि मी तुला तेव्हा चुकीचं सांगितलं, माझं चुकलं. तो काही बोलला नाही, टेप गुंडाळायला लागला, पण गुंडाळता गुंडाळता ३१ मीटर किती होतात ते चालून बघून आला.

ती वही मी प्राचार्यांना दाखवली. या वर्षी २०० आणि ४०० दोन्हीला स्टॅगर देणार हे लेखी झालंय. एका मुलाला तीन इव्हेंट हे पण मान्य झालं. क्रॉस कंट्री नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी, बेरजेच्या पद्धतीने. स्टँडर्डचं पुढच्या वर्षी बघू म्हणालेत, मी सोडणार नाहीये. दारावर ड्रॉइंग शीट लावलाय, आज रात्री झोपायच्या आधी मोजलं तर दोनच जागा रिकाम्या आहेत, हातोडाफेक आणि ११० हर्डल. सहावीतल्या एकाने हर्डलसमोर स्वतःचं नाव लिहिलं होतं, त्याला समजावून चालण्याच्या शर्यतीत घेतलं.

मेसमधून लाटणं मिळालं.

आता ट्रॅक आखायचं काम मी मागून घेतलंय, आमचं हाऊस करणार. सर, एवढ्या रेघांना फक्की किती लागेल आणि कुठली घ्यायची? स्टोअरमध्ये चुन्याची दोन पोती पडलीत ती चालतील का?

---

फक्कीवाले_सर

तो चुना कळीचा असेल तर अजिबात हात लावू नका सर, ओला झाला की भाजतो, मुलं पडतात, डोळ्यात जातो, गुडघे सोलवटलेले असतात त्यावर लागतो. पांढरी दगडाची पावडर मिळते, रांगोळीची असते तसली, ती घ्या. सहा लेनच्या सात रेघा धरा, सगळ्या मिळून दीड किलोमीटरच्या वर रेघ होते, त्यामुळे दुकानदाराला लांबी सांगा आणि एक पोतं जास्तच आणा, कारण पहिली रेघ पुसावी लागतेच.

आदल्या संध्याकाळी मैदानावर पाणी मारून घ्या म्हणजे माती बसेल. केंद्राच्या खुंट्या त्याच संध्याकाळी ठोका आणि तिथे कोणालातरी राखण ठेवा, पोरं खेळताना उपटतात. सकाळी सहाला वारा नसतो तेव्हा आखायला घ्या. आधी आतली रेघ पूर्ण करून तिच्या २० सेंटिमीटर बाहेरून टेपने एकदा २०० मोजा आणि मगच पुढच्या लेनला हात घाला.

स्टॅगरच्या खुणा सगळ्यात शेवटी. सहाव्या लेनची खूण त्या मुलाला मारू द्या.